उजवं बटण

मित्रा, पोट एकदम ठीक आहे. फोन उचलला की तू 'हॅलो'च्या आधी तेच विचारायचीस, म्हणून ते आधी सांगून टाकते. कळ नाही, मुरडा नाही, जळजळ नाही. जेवायची वेळ झाली की जेवते, पानात पडेल ते खाते. सकाळी सगळं वेळच्या वेळी होतं. तू गेल्यापासून हे असंच चालू आहे. याची मला भीती वाटायला हवी, पण तीही अजून नीट वाटायला लागलेली नाही.

माझं पोट तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. बारावीच्या निकालाला ते दुखलं, लग्न ठरलं तेव्हा दुखलं, ऑफिसात एखादा प्रोग्रॅम ग्राहकाकडे चालू करायचा असला की आठवडाभर आधीपासून दुखतं. बाबा गेले तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर पोट धरून वाकून बसले होते, रडायला मागाहून लागले. आमच्याकडे बातमी आधी पोटाला कळते. तुझी बातमी त्याला पोहोचलेलीच नाही. तुझ्या आईंचा फोन आला. 'वैजू, मित्रा उठून नाही राहिली वं,' एवढंच म्हणाल्या. मी बिबवेवाडीला तुमच्या घरी आले, झोपेतच हृदय थांबलं हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घेतलं, नागपूरला तुझ्या काकांना कळवलं, वाघोलीला तुझ्या कॉलेजात कळवलं, आलेल्यांना चहा केला. सगळं केलं. पोट गप्प.

सगळे मला धीराची म्हणतात. श्रीकांत तर औषध घेतलंस का विचारावं तसं विचारतो, 'रडलीस का?' मी म्हणते, 'नाही, ठीक आहे मी.' हे ऐकून नवरा गॅलरीत जाऊन उभा राहतो. मला तुझी आठवणही येत नाही, मित्रा. हे लिहिताना लाज वाटते. तुझ्याबद्दल सगळं आठवतं, पण आठवण येते म्हणतात तसं काही होत नाही.

उद्या तुझ्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. भंतेजी येणार, वंदना होणार, मग ज्याला बोलायचंय त्याने दोन शब्द बोलायचे. तुझ्या आईंनी मला बोलायला सांगितलंय. 'तूच बोल, तुलेच ती ठाऊक होती.' काय बोलू? लोकांसमोर उभं राहायचं तर आत काहीतरी हलायला पाहिजे. म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहिता लिहिता कुठे दुखलं तर बघावं.

तुमचं कुटुंब नागपूरहून बदली होऊन आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आलं, तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि मला नुकतीच पहिली नोकरी लागली होती. त्या नोकरीच्या भीतीने मी जिन्यात पोट धरून बसले होते. तू वरून उतरत होतीस. ओळख ना पाळख, थेट म्हणालीस, 'कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखव.' मी सगळ्या पोटावरून तळवा फिरवला. तू मान हलवलीस. 'बोट ठेवता येत नाही ना? या दुखण्याचं तसंच असतं. तरी तपासून घे.' तू शरीरशास्त्रात एम.डी. करते आहेस हे मला नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं, काय आगाऊ मुलगी आहे.

तपासण्या झाल्या. कशातही काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे. आमची आई म्हणाली, मनाचे खेळ आहेत. तू आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांची बशी हातात घेऊन बसली होतीस. शांतपणे म्हणालीस, 'काकू, खेळ मनाचे असतील, पण खेळून राहिलेत पोटात.' मग तू मला समजावलंस. भीती वाटली की मेंदूतून एक निरोप सुटतो, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींपर्यंत जातो आणि तिथून कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात उतरतं. त्याच जातीचा एक निरोप्या आतड्याच्या भिंतीतही राहतो. तो तिथल्या नसांना जागं करतो. पोटातून वर मेंदूकडे दिवसभर बातम्या जात असतात, इथे हवा भरली, तिथे घास पुढे सरकला, आणि एरवी मेंदू त्या सगळ्या रद्दीत टाकतो. भीतीच्या दिवसांत मात्र त्यातली प्रत्येक बातमी पहिल्या पानावर येते. 'म्हणून तुझं पोट खोटं बोलत नाही,' तू म्हणालीस. 'दुखतं म्हणजे दुखतं.'

हे मला आधी कोणीच म्हणालं नव्हतं. मी त्याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत. पुण्यात मैत्रिणीचे आभार मानले तर ती विचारते, काय हवंय.

मग तुला प्रबंधाला विषय हवा होता आणि तू हाच घेतलास. मनात भीती असताना निरोगी माणसाच्या पोटातला तोच फुगवटा जास्त दुखतो का, एवढंच तपासायचं होतं. त्यासाठीचं यंत्र परदेशात मिळायचं. तुमच्या विभागात पंखा दुरुस्त करून घ्यायलाही अर्ज लागायचा. म्हणून यंत्र आपणच बनवलं. तू जुना पंप आणि नळ्या जमवल्यास, मी ऑफिसातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर मागून आणला आणि पंप चालवायचा प्रोग्रॅम लिहिला. माणसाने नळीला बांधलेला फुगा गिळायचा, तो पोटात पायरीपायरीने फुगवायचा, ठरलेल्या मर्यादेला थांबायचं. बँकांचे व्याजाचे हिशोब लिहून कंटाळलेल्या मला ते काम फार आवडलं होतं.

फुगाच मिळेना. वाढदिवसाचे फुगे जाड निघाले. शेवटी तू म्हणालीस, 'कंडोम.' बिबवेवाडीत ओळखीचे फार, म्हणून आपण मंडईजवळच्या एका औषधाच्या दुकानात गेलो. दोघी बिनलग्नाच्या. मी पाठ फिरवून रस्त्यावरची पेरूची हातगाडी बघत उभी. तू खणखणीत आवाजात सांगितलंस, 'काका, दोन डझन. ते बुळबुळीत नकोत, कोरडे द्या. गिळायचे आहेत.' त्या गृहस्थांनी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं, पाकिटं मोजून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, 'वापरायची पद्धत पाकिटावर छापलेली असते. एकदा वाचून घ्या.'

आपण मंडईतून बाहेर पडेपर्यंत हसत होतो. हे मी आत्ता लिहिलं आणि तोंडावरची रेषही हलली नाही.

तोंडात नळी असताना बोलता येत नाही, म्हणून मी गिळणाऱ्याच्या हातात माउस दिला. डावं बटण म्हणजे जाणवतंय. उजवं बटण म्हणजे दुखतंय. उजवं दाबलं की पंप तिथल्या तिथे थांबायचा आणि फुगा आपोआप रिकामा व्हायचा. ही माझी अट होती. तू विचारलंस, 'आणि कोणी दाबलंच नाही तर?' मी म्हटलं, 'दुखत असताना कोण दाबणार नाही?' पहिला फुगा मीच गिळला. चव अजून आठवते, पण ते राहू दे. हवा भरत गेली, आधी नुसतं भरल्यासारखं, मग गच्च, मग कळ. मी उजवं बटण दाबलं. फुस्स आवाज झाला आणि पोट मोकळं झालं. तू खूश होतीस. 'झालं! दुखलं की सांगायचं, एवढंच तर काम आहे.'

मुलांना भीती घालायची जबाबदारी तुमच्या विभागप्रमुख सरांनी आनंदाने घेतली. ते समोर खुर्ची टाकून बसायचे आणि फुगा गिळलेल्या विद्यार्थ्याची मागच्या परीक्षेची उत्तरपत्रिका मोठ्याने वाचायचे. '"यकृत पोटाच्या डाव्या बाजूस असते." छान. तुमचं असेल.' मधूनमधून तू मुलाच्या गालात कापसाची वात ठेवून लाळ घ्यायचीस, कारण भीतीचं कॉर्टिसॉल लाळेतही उतरतं. मी कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसून माझ्या स्वतःच्या उत्तरपत्रिका आठवत असायचे आणि माझंच पोट दुखायचं.

निकाल उलटा आला. सर खोलीत नसले की मुलं बऱ्यापैकी लवकर उजवं बटण दाबायची. सर समोर बसले की जवळजवळ कोणीच दाबायचं नाही. कानशिलं लाल, कपाळावर घाम आणि बोट डाव्या बटणावर. जाणवतंय, जाणवतंय, जाणवतंय. फुगा मर्यादेला पोहोचून प्रोग्रॅम आपला आपण थांबायचा. लाळेतलं कॉर्टिसॉल मात्र चढलेलं. सर म्हणाले, 'म्हणजे मी समोर असलो की विद्यार्थ्यांचं पोट दुखायचं थांबतं. हे बाहेर कळवायला हवं.' आणि तुला विषय बदलायला सांगितलं.

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचे, निकाल खरा आहे. फार भीती वाटली की शरीर दुखणं बंद करून टाकतं. कारखान्यात बोट कापलं गेलेल्या माणसालाही ते पट्टी बांधेपर्यंत कळत नाही. तू म्हणायचीस, 'सशाला वाघ दिसला की त्याचं पोट दुखत नाही, हे मान्य. पण ससा पळतो. ही मुलं खुर्चीत बसून होती. पोट दुखत होतं, हात थांबला होता.' आणि तुझ्याकडे पुरावा होता. त्यातल्या एका मुलाला तू नंतर गाठून विचारलं होतंस. तो म्हणाला होता, 'सरांसमोर कसं दाबणार, मॅडम? बरं दिसतं का ते?'

एका मुलाचं बोलणं म्हणजे पुरावा नाही, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, ही चूक फक्त आपल्याच लोकांवर प्रयोग करताना होऊ शकते. दुसरीकडचा मुलगा पहिल्या कळेला बटण दाबून मोकळा झाला असता. 'आपल्याकडे लाळ खरं बोलते, माणूस बोलत नाही.'

किती वर्षं चालला हा वाद. तू पोट रिकामं व्हायला किती वेळ लागतो यावर मुकाट्याने प्रबंध लिहिलास आणि वाघोलीला शिकवायला लागलीस. मी एका मोठ्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत गेले. नगर रस्त्यावरची गर्दी वाढत गेली तशा आपल्या भेटी कमी झाल्या, पण भेटलो की चहा यायच्या आत एकीने विचारायचं, 'मग, दुखत होतं की नव्हतं?' आता वाटतं, आपल्याला उत्तर नकोच होतं. उत्तर मिळालं असतं तर आपण काय बोललो असतो? मुलांच्या शाळा, गुडघे?

शेवटचा फोन मात्र तू वेगळ्या सुरात केला होतास. तुला तो प्रयोग पुन्हा करायचा होता. 'तुझ्या कंपनीतली पोरं दे मला. त्यांचे साहेब अमेरिकेत बसून पडद्यावर बोलतात ना? भीती खरी आणि साहेब खोलीत नाही. हात मोकळा. मग कळेल.' मी म्हटलं, 'आमची पोरं पडद्यासमोरही "ऑल गुड" म्हणतात.' तू हसलीस. म्हणालीस, 'तू नाही का म्हणत?' मला मीटिंगला जायचं होतं. मी म्हटलं, ये घरी, मग बोलू. या वाक्याने पोट दुखायला हवं. मी ते मुद्दाम पुन्हा वाचलं. काही नाही.

म्हणजे मी बरोबर होते, असं समजू का? फार मोठं काही झालं की शरीर आपलं दार लावून घेतं. मी आत्ता त्याचा पुरावा म्हणून खुर्चीत बसले आहे. जिंकले, मित्रा. घे.

वरचं सगळं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लिहिलेलं आहे. यापुढचं कार्यक्रमाहून परत आल्यावर लिहिते आहे.

मी बोलले. उभी राहिले आणि म्हणाले की मित्रा हुशार होती, स्पष्ट होती, विद्यार्थ्यांची लाडकी होती. शाळेतल्या भाषणासारखं झालं. तुझ्या कॉलेजातली एक मुलगी हुंदके देत होती आणि मी तिच्याकडे हेव्याने बघत होते. लोक पांढऱ्या कपड्यांत रांगेने येऊन माझा हात हातात घेत होते. ठीक आहात ना? ठीक आहे. सांभाळा हं. हो, ठीक आहे. प्रत्येकाला तेच.

सगळे गेल्यावर मी तुमच्या स्वयंपाकघरात कप विसळत होते. तुझ्या आई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या किती बारीक झाल्या आहेत ते मला तेव्हा दिसलं.

'राहू दे वं ते.'

'होतंय आई, थोडेच आहेत.'

त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, 'पोट कसं आहे तुह्यं?'

मी विसळलेलाच कप पुन्हा विसळायला घेतला.

'मित्रा रोज इचारे तुले. मी आयकू ना बाजूले बसून. आता कोन इचारन?'

'ठीक आहे, आई.'

'खरं सांग.'

आणि मला वाटलं, हिच्यासमोर कसं सांगू? हिची मुलगी गेली आहे. हिच्यासमोर मी माझं पोट घेऊन बसायचं? बरं दिसतं का ते?

हे वाक्य माझ्या मनात जसंच्या तसं आलं, मित्रा. त्या मुलाचं वाक्य. इतकी वर्षं जे मी पुरावा म्हणून मानलं नाही, ते. मी नळ बंद केला. कप ओट्यावर ठेवला. त्या तशाच बघत होत्या, सरांसारख्या नाही, तुझ्यासारख्या.

'दुखतंय, आई,' मी म्हटलं.

म्हणेपर्यंत दुखत नव्हतं. की दुखत होतं आणि मी म्हणत नव्हते, हा वाद मी आता कोणाशी घालायचा? पण म्हटल्याबरोबर कळ आली, अशी आली की मी ओट्याला टेकले. बाबांच्या वेळेपेक्षाही जोराची. आणि मग जे व्हायचं ते झालं, तुमच्या स्वयंपाकघरात, ओल्या फरशीवर बसून, मोठ्याने. तुझ्या आईही माझ्याजवळ खाली बसल्या. त्यांनाही इतके दिवस कोणी नीट रडू दिलं नव्हतं वाटतं.

खूप वेळाने त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं आणि विचारलं, 'कुठं दुखते? दाखव.'

मी बोट ठेवायला गेले. ठेवता येईना. मग मी हात उघडला आणि सगळ्या पोटावरून तळवा फिरवत राहिले.